टाकीच्या मेजवानीची डुकरीण

मित्रांनो, मी एक म्हातारी डुकरीण आहे. नाक मुरडू नका. आत्मवृत्त काय फक्त फाटक्या छत्रीनं आणि वडाच्या झाडानंच सांगावं? माझं वय पंधरा वर्षं आहे. भर महासागरातल्या आमच्या लोबेन बेटावर इतकं आयुष्य आजवर कुठल्याच डुकराला लाभलेलं नाही. आमच्यातले बहुतेक जण कुणाच्या तरी बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला जातात आणि परत येत नाहीत.

मी सोललेल्या नारळाएवढी होते तेव्हाची गोष्ट. सेनेटर इमिल लानेज होडीतून मतं मागायला आले. ते आधीच दोनदा निवडून आले होते. त्यांनी आमच्या दारातल्या नीरफणसाखाली उभं राहून सांगितलं की चर्चशेजारी पाण्याची मोठी टाकी बांधून देणार. बेटावर तेव्हा प्रत्येक घराच्या पन्हळीखाली एकेक पिंप असायचं. पाऊस लांबला की पिंप रिकामं व्हायचं आणि मग विहिरीचं मचूळ पाणी प्यावं लागायचं. त्यामुळे टाळ्या तर पडल्याच, पण माझी मालकीण नेइजोन भरात येऊन उभीच राहिली. तिला मूलबाळ नव्हतं, तरी सारं बेट तिला बुबू म्हणायचं, म्हणजे आजी. तिनं मला दोन्ही हातांनी उचलून सगळ्यांना दाखवलं.

"टाकी येईल त्या दिवशी ही माझ्याकडून मेजवानीला. तोवर हिला कुणी हात लावायचा नाही!"

आमच्याकडे जनावर ज्या जेवणासाठी राखलं, त्याच जेवणाला जातं. मधे कुणाचं लग्न निघो की बारसं, राखलेल्या जनावराकडे कुणी बघतसुद्धा नाही. त्यामुळे माझं मरण पक्कं झालं आणि त्याच दमात लांबणीवरही पडलं. मुलांनी माझं नाव टाकी ठेवलं. पुढची कित्येक वर्षं बेटावर टाकी म्हणून हाक मारली की मीच धावत जायचे, कारण दुसरी टाकी नव्हतीच.

मी भराभरा वाढले. खोबरं, नीरफणसाच्या साली, माशांची डोकी, काही म्हणजे काही कमी नव्हतं. "काय गुटगुटीत झालीय!" असं म्हणत लोक माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि मग समुद्राकडे बघायचे. होडी आली की त्यात टाकी आहे का ते बघायला बुबू किनाऱ्यावर जायची. मी दोरीला ताण देऊन मागून बघायचे. होडीतून तांदूळ उतरायचा, साखर उतरायची, एकदा तर कुणाचा तरी सोफा उतरला. टाकी काही उतरली नाही.

मधल्या काळात मला पिल्लं झाली, त्यातली बरीचशी वाढदिवसांना गेली. चार वर्षांनी सेनेटर पुन्हा आले. या खेपेला त्यांनी प्लायवुडचा मोठा फलक आणला होता. त्यावर त्यांचा चेहरा आणि खाली मोठ्या अक्षरांत "पाण्याची टाकी, यंदा नक्की!" निवडणूक संपल्यावर बुबूनं तो फलक माझ्या खोपटावर छप्पर म्हणून टाकला. पुढच्या निवडणुकीला दुसरा फलक आला, तोही वर चढला. त्याच निवडणुकीत फोटो बदलून तिसराही आला. पहिल्या फलकावर साहेबांचे केस काळे होते, दुसऱ्यावर करडे, आणि तिसऱ्यावर पुन्हा काळेभोर. छप्पर मात्र तिन्ही वेळा उत्तम लागलं. साहेबांनी काहीच केलं नाही असं कुणी म्हटलं की मला राग यायचा. माझ्या डोक्यावर एक थेंब गळत नव्हता.

खरं सांगू का, मित्रांनो? साहेबांचा माझ्याइतका निष्ठावंत कार्यकर्ता अख्ख्या बेटावर नव्हता. टाकी आली की मी गेले, एवढं गणित डुकरालाही कळतं. साहेब भाषणाला उभे राहिले की मी आनंदानं चीत्कारायचे. ते थांबून म्हणायचे, "बघा, मुकं जनावरसुद्धा आपल्या बाजूनं आहे!"

मग माझ्या बाराव्या वर्षी हिल्माबाई उभ्या राहिल्या.

हिल्मा जोराम म्हणजे आमच्या शाळेच्या बाई. त्यांनी शाळेचं गळकं छप्पर स्वतः शिडीवर चढून दुरुस्त केलं होतं. मुलांच्या पायखान्याचं दार राजधानी मजुरोहून मागवलं आणि ते खरोखर आलं. अशी बाई सेनेटर झाली तर टाकी येणार, हे मला ताबडतोब कळलं.

त्या वर्षी माझ्या खोपटाशेजारी नीरफणसाच्या सावलीत रोज वाद रंगायचा. एका बाजूला म्हातारा जॉर्बी. साहेबांनी त्याला एकदा होडीचं इंजिन दिलं होतं. ते महिनाभर चाललं, पण त्याची निष्ठा अजून चालू होती. दुसऱ्या बाजूला त्याचीच बायको तिनिया. दोघं समोरासमोर बसून नारळ सोलायची आणि एकमेकांनाही सोलायची.

"साहेबांना मजुरोत सगळे ओळखतात," जॉर्बी म्हणायचा. "ही मास्तरीण तिथं गेली तर दारावरचा शिपाई विचारेल, कोण गं तू?"

"वीस वर्षं ओळखतात म्हणूनच तर कुणी काही देत नाही!"

"नवा माणूस म्हणजे नवी होडी. कुठून गळते ते कळायलाच चार वर्षं जातात."

"आणि जुनी कुठून गळते ते ठाऊक आहे, म्हणून त्यातच बसून बुडायचं होय? शहाणाच आहेस!"

"अगं, साहेब दर खेपेला तांदळाचं पोतं देतात. तुझी हिल्मा काय देते? माझ्या नातवाला पेन्सिल हरवली म्हणून अख्खं अंगण धुंडाळायला लावलं तिनं."

"सापडली ना पण पेन्सिल?"

यावर जॉर्बी बुबूकडे वळायचा. "तू सांग, बुबू. तुझं मत कुणाला?"

बुबूचा वारलेला नवरा म्हणजे साहेबांचा चुलत भाऊ. ती खाली मान घालून म्हणायची, "घरचा माणूस आहे. मी आपली इमिललाच देणार." जॉर्बी मांडीवर थाप मारायचा आणि मी सुटकेचा श्वास सोडायचे.

त्या वर्षी पाऊस फारच लांबला. बुबूचं पिंप खडखडीत झालं. तिचे गुडघे धरलेले, तरी ती रोज सकाळी विहिरीवर जायची, बादली दोनदा खाली ठेवत यायची आणि त्यातलं अर्धं पाणी माझ्या पुढ्यात ओतायची. एका सकाळी ती माझ्याजवळ जमिनीवरच बसली. श्वास लागला होता. माझे कान खाजवत हळूच म्हणाली, "टाकी आली तर तू जाशील गं. बारा वर्षं तू आणि मी, दुसरं आहे कोण आपल्याला? नको मला टाकी. मागच्या दोन खेपांसारखं मी बापडी इमिललाच मत देते. तो काही आणायचा नाही."

मित्रांनो, मला वाटत होतं कपटी फक्त मीच आहे. ही म्हातारी माझ्यासाठी वर्षानुवर्षं मचूळ पाणी पीत होती. दोन निवडणुका तिनं माझा जीव वाचवायला मत दिलं होतं, आणि मी मात्र तिच्या बादलीतलं अर्धं पाणी पिऊन साहेबांच्या नावानं चीत्कारत होते. मला माझी लाज वाटली. डुकराला लाज वाटते हे तुम्हाला पटणार नाही, पण त्या दिवशी मी पाण्याला तोंड लावलं नाही. टाकी यावी, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

दोन दिवसांनी हिल्माबाई प्रचाराला आल्या, एकट्याच, पायी. त्यांनी भाषण केलं नाही. मुलांना गोळा केलं, माझ्याकडे बोट दाखवलं आणि वर्गात विचारतात तसं विचारलं.

"या डुकरिणीचं वय किती?"

"बारा!" मुलं एका सुरात ओरडली.

"हिला कशासाठी राखलंय?"

"टाकीच्या मेजवानीसाठी!"

"आणि टाकी कुठाय?"

मुलांनी इकडेतिकडे पाहिलं. एका चिमुरडीनं माझ्या खोपटाच्या छपरावर बोट ठेवलं. "तिथं लिहिलीय," ती म्हणाली. आधी तिनिया हसली, मग सगळं बेट हसलं. जॉर्बीही हसला आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं.

त्या दिवसापासून मी राजकारणात ओढले गेले. कुणी साहेबांची बाजू घेतली की समोरचा नुसता माझ्याकडे हात करायचा. वाद तिथंच संपायचा. ही बातमी साहेबांच्या कानावर गेली असणार, कारण आठवड्याभरात ते आले तेव्हा भाषणाआधी जॉर्बीच्या कानाला लागले. जॉर्बी तोंड पाडून बुबूकडे आला.

"बुबू, साहेब म्हणतात, उगीच कशाला थांबायचं. टाकी काय, येईलच. आज ते आलेत, तर आजच... हिचं जेवण करून टाकू."

मी खोपटाच्या कोपऱ्यात शिरले. बुबू मात्र ताडकन उठली. गुडघे धरलेत हे ती विसरलीच. ती थेट साहेबांच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, टाकी आणलीत?"

"वहिनी, कागदपत्रं चाललीयत..."

"मग कागदच खा!"

साहेब हसायला गेले, पण कुणीच हसेना. बुबूचा आवाज चढला. "तहानेची बारा वर्षं काढली आम्ही. तहान राहिली ती राहिली, आता टाकीसाठी राखलेलं जनावरही खाऊन जाता? जेवण टाकीचं आहे. तुमचं नाही."

सेनेटर त्या दिवशी डब्यातलं मांस आणि भात खाऊन गेले.

मतदानाला बुबू सगळ्यात आधी गेली. परत आल्यावर तिनं माझ्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, "मला क्षमा कर गं." तिनं कुणाला मत दिलं ते तिनं सांगितलं नाही, मला सांगायची गरजही नव्हती. माझा जीव घाबरला होता आणि तिचा अभिमानही वाटत होता. परदेशी राहणाऱ्या आमच्या लोकांची टपालानं येणारी मतं मोजून होईपर्यंत आणखी काही आठवडे गेले. मग रेडिओवर निकाल लागला. हिल्माबाई अकरा मतांनी निवडून आल्या.

तेरा महिन्यांनी होडीतून टाकी उतरली. काळी, गोल, नेइजोन बुबूच्या घराएवढी. हिल्माबाई स्वतः पन्हळी लावायला शिडीवर चढल्या. पावसानं टाकी काठोकाठ भरली आणि उद्घाटनाचा दिवस ठरला.

त्या सकाळी बुबूनं मला नव्या नळाच्या पाण्यानं आंघोळ घातली. ती रडत होती आणि पुसत होती, पुसत होती आणि रडत होती. भट्टीच्या खड्ड्यातले दगड तापले होते. सगळं बेट जमलं होतं. हरलेले सेनेटरही आले होते, कारण हरलेल्याला जेवायला न बोलावणं आमच्याकडे शोभत नाही. केस आता पांढरे झालेले, अगदी खरे पांढरे. बुबूनं माझी दोरी हिल्माबाईंच्या हातात दिली.

"शब्द दिला होता. घ्या."

हिल्माबाईंना शब्द मोडणं माहीत नव्हतं. पण त्या दिवशी त्यांचाही हात दोरीवर घट्ट होईना. त्यांनी रीतीप्रमाणे वयानं मोठ्या पाहुण्याकडे पाहिलं, म्हणजे इमिल लानेज यांच्याकडे. जेवणाला सुरुवात करायची परवानगी त्यांनी द्यायची होती.

ते उठून माझ्यापाशी आले. मी चीत्कारले नाही. मग ते म्हणाले, "वीस वर्षं सेनेटर होतो. माझ्या हातून उभं राहिलेलं असं या बेटावर एकच आहे, ते म्हणजे ही डुकरीण. मी वेळेवर काम केलं असतं, तर ही कधीच गेली असती. माझ्या नावावर एवढं एक काम तरी राहू द्या."

तिनिया म्हणाली, "तसंही चौदा वर्षांचं मांस चावणार कोण? जॉर्बीला चारच दात आहेत!"

"पाच," जॉर्बी म्हणाला.

त्या दिवशी मेजवानीला कुपा मासा भाजला. बुबूनं नळाखाली बादली भरली आणि अर्धी नाही, पूर्ण माझ्यापुढे ठेवली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी त्यांच्यावर रागवायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. जीव वाचवणाऱ्याशी असं वागता येत नाही.

मित्रांनो, आता मी खोपटाबाहेर मोकळी फिरते. खोपटात माझ्या नातीची मुलगी राहते. हिल्माबाईंनी दवाखान्यात औषधांसाठी फ्रीज आणायचं कबूल केलंय आणि त्या मेजवानीसाठी बुबूनं तिला राखलंय. ती आली तेव्हा सोललेल्या नारळाएवढी होती. आता तिच्या पाठीवर दोन मुलं बसतात. परवा होडी आली तेव्हा तिनं मला विचारलं, "पणजी, फ्रीज आला का गं?" मी नाही म्हटल्यावर तिनं आनंदानं उडी मारली. बुबू मात्र काठी टेकत हिल्माबाईंच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "बाई, पोर वजनाला आलीय. जरा बघून जाल का?"

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. आम्हाला खायला घाला, स्वच्छ पाणी द्या, पाठीवर थाप मारा. आणि कुणाला शब्द दिलात, तर त्यासाठी राखलेलं डुक्कर म्हातारं व्हायच्या आत पुरा करा. आमचं जे व्हायचं ते होईल. तहानलेली माणसं मात्र आमच्याइतकी जाड कातडीची नसतात.