वाफेच्या खोलीतला बाक

हळू बसा, मी जरा करकरतो. वाफेच्या खोलीतला जुना बाक बोलतोय मी. आता अंगणात आलोय, पण वाफेची धुंदी अजून पुरती उतरलेली नाही. शब्द इकडचे तिकडे झाले तर सांभाळून घ्या.

एका म्हाताऱ्या सुतारानं मला घडवलं. लोखंडाचा खिळा तापला की चटका बसतो, म्हणून त्यानं लाकडाच्या खुंट्या ठोकून माझं अंग जोडलं. "याच्यावर माणसं उघड्या अंगानं बसणार," असं पुटपुटत दोन दिवस नुसता पॉलिश पेपर घासत होता. मग सार्वजनिक स्नानगृहाच्या मालकीणबाईंनी मला बायकांच्या वाफेच्या खोलीत ठेवलं, आणि माझं जग पांढरं झालं.

त्या धुक्यात कुठकुठल्या देशांच्या बायका आल्या. कुणी तेल चोळून यायच्या. कुणी ओल्या पानांच्या जुडीनं स्वतःला हलकेच झोडपून घ्यायच्या. कुणी घामानं निथळत उठायच्या आणि थेट गार पाण्याच्या हौदात उतरायच्या. प्रत्येकीला वाटायचं, आपलीच रीत खरी, बाकीच्या उगाच जिवाला त्रास करून घेतात. मी आपला सगळ्यांचा घाम सारखाच पीत होतो.

त्यांतल्या दोघी अजून डोळ्यांपुढे तरळतात. एक शिवणकाम करणाऱ्या काकू. त्यांच्याकडे न्हाणं म्हणजे बायकांचा मेळा. गप्पा, खिदळणं, आणि खरखरीत हातमोज्यानं एकमेकींच्या पाठी चोळणं. दुसऱ्या निवृत्त नर्सबाई. त्यांच्याकडे वाफेत कुणी चकार शब्द काढत नसे.

पहिल्याच दिवशी काकूंनी न विचारता नर्सबाईंच्या पाठीला हातमोजा लावला. नर्सबाई ताडकन उठल्या.

"माझ्या अंगाला हात लावू नका."

"अहो, मळ निघतो. हलकं वाटतं."

"मी इथे शांत बसायला येते."

काकूंचा चेहरा एवढासा झाला. त्यानंतर कितीतरी महिने एक माझ्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. मध्ये नुसती वाफ.

मग काही आठवडे नर्सबाई आल्याच नाहीत. आल्या तेव्हा कळलं, पडून त्यांचा खांदा निखळला होता. हात अजून वर जात नव्हता. मालकीणबाई त्यांना धरून बसवून निघून गेल्या. काकू आपल्या टोकाला बसून होत्या. शेवटी भिंतीकडे बघतच नर्सबाई म्हणाल्या, "तुमचा तो हातमोजा आणलाय का?"

काकू सरकत जवळ आल्या. "लावू हात?"

"लावा. पण जोरात नको."

विरलेलं कापड हाताळावं तशी काकूंनी मानेपासून सुरुवात केली. पाठ आधी दगडासारखी होती. हळूहळू सैल पडली, आणि नर्सबाईंची थरथर माझ्या फळीत उतरली.

"दुखतंय का?"

"नाही हो. चाळीस वर्षं मी लोकांच्या पाठी पुसल्या. माझी कुणी पुसली नव्हती."

एरवी यावर काकू दहा गोष्टी बोलल्या असत्या. त्या दिवशी त्यांचा हात तेवढा चालत राहिला.

पुढे दोघी शेजारी बसू लागल्या. अर्धा वेळ काकूंच्या गप्पांचा, अर्धा नर्सबाईंच्या शांततेचा, असं ठरलं. काकू रोज दोन मिनिटं जास्त खायच्या. नर्सबाई रागावल्यासारखं करायच्या.

मग काकू दूर लेकीकडे राहायला गेल्या. खोलीत फरशीचे ओटे आले आणि मला अंगणात आणून ठेवलं. माझी एक खुंटी सैल झालीय, रंग उडालाय. तरी शनिवारी नर्सबाई न्हाऊन येतात, केस वाळवत माझ्यावर बसतात, आणि काकूंचा फोन येतो. पलीकडून काकू अखंड बोलत असतात. नर्सबाई डोळे मिटून "हं" म्हणतात.

तुम्हाला एकच सांगणं. शेजारी कुणी येऊन बसलं, तर आधी विचारा, बोलू की गप्प राहू? उत्तर तुमच्या रीतीत बसलं नाही, तरी चालवून घ्या.

आता टेका निवांत. ऊन छान पडलंय.