चिकटलेले पान

मी एक जुने, फुगलेले पुस्तक आहे, आणि मित्रांनो, मला माणसांच्या बोटांची शिसारी येते.

संगणकावर संकेतस्थळ कसे रचावे, हे नवशिक्यांना शिकवण्यासाठी माझा जन्म झाला. छापखान्यातून निघाले तेव्हा अंगाला शाईचा कडवट, करकरीत वास होता. त्या वासाची आठवण एवढीच आता माझ्यात स्वच्छ उरली आहे.

मला घरी आणणारी बाई कापडी बाहुल्या शिवते. घरात तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. खेळणीवाल्याने तिला बजावले होते, "बाहुल्या झकास आहेत हो, पण गिऱ्हाईक आधी साईट मागतं. ती दाखवा, मग दुकानातलं दर्शनी कपाट तुमचं." त्या कपाटासाठी ती मला शिवणयंत्राशेजारी उघडून बसे, ओठ हलवत वाची, एका बोटाने संगणकाच्या कळा शोधी. तिची बोटे सुयांनी टोचलेली होती, पण कोरडी होती.

तिचा धाकटा दीर मात्र! जिभेवर बोट फिरवायचे आणि त्याच बुळबुळीत बोटाने मला चाळायचे. शिवाय गोडमिट्ट चहाचा कप थेट माझ्या उघड्या छातीवर.

"भाऊजी, पुस्तक आहे ते, बशी नाही!"

"वाचून कुणी पोहायला शिकलंय का, वहिनी? बशी म्हणून तरी कामाला येऊ दे बिचारं."

एकदा तो कप कलंडलाच. चित्रांच्या प्रकरणातली दोन पाने साखरेच्या चिकट्यात बुडाली, मुंग्यांसकट वाळली आणि एकमेकांना घट्ट धरून बसली. वहिनीने मला पुसले आणि ती पुढे वाचू लागली. मधला मजकूर माझ्या आत गुदमरला होता. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

साईट तयार झाली. वहिनीच्या संगणकावर सगळ्या बाहुल्या हसत होत्या. खेळणीवाल्याच्या संगणकावर मात्र अक्षरे आली आणि बाहुल्यांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी.

"बाई, बाहुल्या रुसून माहेरी गेल्या वाटतं!" तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "उद्यापर्यंत थांबतो. नाहीतर कपाट दुसऱ्याला."

घरी येऊन तिने मला पहिल्यापासून चाचपले. एक पान अंगठ्याला जाड लागले. तिने सुईने कड सोडवली. खपली निघावी तसा आवाज झाला. आत चपटलेल्या मुंग्या, आंबूस वास, आणि त्या घाणीत माझे वाक्य अजून जिवंत: 'चित्रे साईटच्याच फोल्डरमध्ये ठेवून तिच्यासोबत इंटरनेटवर चढवा. तुमच्या संगणकातली वाट दुसऱ्या संगणकाला ठाऊक नसते.'

तिच्या बाहुल्या तिच्याच घरात राहिल्या होत्या. तिने त्यांची चित्रे एकेक करून साईटच्या फोल्डरमध्ये हलवली आणि वर चढवली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या पिशवीतून दुकानात गेले. पडदा उजळला, चौकटी भरल्या.

"आल्या की नांदायला!" खेळणीवाल्याने कपाटाची किल्ली तिच्यासमोर ठेवली. मग कौतुकाने मला उचलले. "या पुस्तकातून शिकलात? बघू तरी." आणि त्याने बोट जिभेकडे नेले.

वहिनीने मला हिसकावून घेतले. "आधी हात पुसा!"

मित्रांनो, माझे डाग आता जाणार नाहीत. मला पूजाही नको. फक्त कोरड्या बोटांनी या. तुमच्या थुंकीखाली कुणाची तरी वाट छापलेली असते.