दहा दिवस हात लावू नये

"घासू नकोस गं, आधी भिजू दे."

आईचा हा आवाज लेकीच्या कानात अजून ताजा होता. तेलकट पातेल्याशी झटापट करणाऱ्या आठ वर्षांच्या पोरीला आई असं म्हणायची आणि साबणाचं पाणी ओतून खुशाल दुसऱ्या कामाला लागायची.

आता तीच पोर तेलक्षेत्रावर केमिस्ट होती, आणि तिच्यापुढचं पातेलं होतं सात नंबरची तेलविहीर. तिच्या बाबांनी तीस वर्षं चालवलेली. हल्ली शंभर भागांत जेमतेम दोन भाग तेल, बाकी पाणीच पाणी. उरलेलं तेल खाली खडकाच्या कणाकणाला बिलगून बसलेलं. तिने साबणाच्या जातीचं रसायन खाली सोडलं, पंप थांबवला आणि पाटी लावली: दहा दिवस हात लावू नये. साहेबांनी बजावलंच होतं, या खेपेला तेल आलं नाही तर विहीर सिमेंटने बुजवायची.

निवृत्त बाबा रोज घडीची खुर्ची घेऊन हजर. सहाव्या दिवशी त्यांना राहवेना.

"अगं, किती आंघोळ घालशील तिला? लाव की पंप!"

"बाबा, किल्ली माझ्याकडे आहे. गप बसा."

"अगदी आईवर गेलीस."

"बरं झालं. तुमच्यावर गेले असते तर पहिल्याच दिवशी लावला असता."

एरवी अशा टोमण्याला बाबा खो खो हसायचे. आज हसले नाहीत.

दहा दिवस सरल्यावर लेकीने किल्ली फिरवली आणि पंपाने मान डोलावली. दुपारपर्यंत नुसतं पाणी, मग काहीतरी गढूळ, तांबूस. लेकीने बाटली भरून उजेडात धरली. तेल कुठलं, पाणी कुठलं, काही कळेना. तिचा चेहरा उतरला. ती बाटली हलवणार, तोच बाबांनी हात धरला.

"हलवू नकोस. बसू दे."

बाटली खुर्चीवर, दोघं जमिनीवर. हळूहळू पाणी खाली निवळलं, तेल वर चढलं. पूर्वी नखाएवढी रेघ असायची. आज चांगलं दोन बोटं, काळंभोर.

"नाही बुजवणार आता!" लेक ओरडलीच.

बाबा बाटलीकडेच बघत होते.

"ही विहीर म्हातारी झाली नव्हती गं. म्हातारी झाली, असं मी सगळ्यांना नुसतं सांगत आलो. जास्त तेलाच्या हावेने मीच पंप नको तितक्या जोरात चालवला, आणि खालचं पाणी वर ओढून आणलं. तुझ्या आईलासुद्धा कधी बोललो नाही."