त्यायनंच नेलं

जयवंताचा नवरा महादेवराव पितृपक्षात गेला. सेलूत तेव्हा कोरोनाची अशी दहशत होती, की कोणाच्या घरातून खोकल्याचा आवाज आला तरी शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. दवाखान्याची गाडी यायच्या आधीच, पहाटे, महादेवरावनं खाटेवर मान टाकली. मुलगा सचिन तिकडं पुण्यात स्वतःच तापानं पडलेला. सख्खा दीर अंकुश आला, पण फाटकाच्या आत काही त्यानं पाय टाकला नाही.

"वहिनी, माह्या घरी लहान लेकरं हायेत," तो बाहेरूनच म्हणाला आणि रडत रडत परत गेला.

नगरपंचायतीची दोन माणसं प्लास्टिकचे पोशाख घालून आली. दोघांना काही देह उचलेना. गल्लीत दारादारांत माणसं उभी होती, पण जागचं कोणी हललं नाही. तेवढ्यात समोरून हबीब आला. गाद्या-रजया भरायचं त्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. सोबत त्यानं मेहुण्याला आणलं होतं. दोघांनी ते पोशाख अंगावर चढवले, आणि चौघांच्या खांद्यावर महादेवराव घराबाहेर पडला.

जयवंताला घराबाहेर पडायला मनाई होती. हबीबनं उंबरठ्यापासून लांब उभं राहून विचारलं, "भाभी, अग्नी कोन देईन?"

तिनं दारादारांत उभ्या माणसांकडं पाहिलं. म्हणाली, "तूच दे, बापा."

सचिननं ते सगळं पुण्याहून, हबीबच्या मेहुण्यानं लावलेल्या व्हिडिओ कॉलवर पाहिलं.

नंतरच्या दिवसांत जयवंताला घर खायला उठायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून चौकातल्या मारुतीच्या देवळाचं अंगण तीच झाडायची, सडा-रांगोळी तीच घालायची. आता देवळाला कुलूप होतं. तरी ती सकाळी जायची, पायरीवर बसायची, जाळीतून आत पाहायची. तिकडं मुंबई-पुण्यात दारूची दुकानं उघडली आणि देव मात्र कोंडून ठेवला, याचा तिला खरोखरच राग यायचा. नवरा गेल्याचं दुसऱ्या कोणापाशी बोलायला तिला जागाच नव्हती.

एकदा पियुषनं तिला तिथं डोळे पुसताना पाहिलं. पियुष म्हणजे किराण्याचे व्यापारी भैय्याजी, देवळाच्या पंचकमिटीचे अध्यक्ष, त्यांचा मुलगा. नगरपंचायतीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं, आणि मंदिरं उघडा म्हणून सुरू झालेलं आंदोलन त्याच्या पक्षानं सेलूत त्याच्यावरच सोपवलं होतं. त्यानं तिचा फोटो काढला. चार दिवसांत चौकात भलामोठा फ्लेक्स लागला. जाळीला धरून बसलेली जयवंता, आणि वर लिहिलेलं, 'भक्त दारात, देव कुलपात!'

"काकू, तुमच्यासाठीच लढून राह्यलो आम्ही," पियुष म्हणाला.

तिला ते खरं वाटलं. घंटानादाच्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढं होती. हात दुखेपर्यंत तिनं घंटा वाजवली. हबीब दुकानातून पाहत होता. ती परत जाताना म्हणाला, "भाभी, भीडमे मास्क नीट लावत जा."

दिवाळीच्या पाडव्याला राज्यभरातली देवळं उघडली. ती मोकळी करायचा हुकूम मुंबईहून सुटला होता, पण सेलूत मांडव उभा राहिला तो पियुषच्या विजयाचा. वर्ध्याहून नेते आले. पहिला अभिषेक त्यांच्या हातून झाला. जयवंताला अंगण झाडू दिलं नाही. तिला नवं लुगडं देऊन स्टेजवर खुर्चीत बसवलं.

पियुष बोलायला उभा राहिला. आधी सरकारला शिव्या घालून झाल्या. मग आवाज चढला. "हा रोग गावात आनला कोनी? तुमाले मालूम हाये, मले मालूम हाये. ते लोक! आनि सजा कोनाले? आपल्या देवाले!" खाली पोरं ओरडायला लागली. मांडवाच्या कडेला बांबूपाशी हबीब उभा होता, हे जयवंताला वरून दिसत होतं. दोन-चार माणसं मान वळवून त्याच्याकडं पाहू लागली होती.

तेवढ्यात पियुषनं माईक तिच्यापुढं धरला. "जयवंताकाकू! यायनं कोरोनात आपला मानूस गमावला. काकू, दोन शब्द बोला."

जयवंता जन्मात माईकवर बोलली नव्हती. पण आता गप्प बसलं तर पाप लागेल असं तिला वाटलं. ती उठली.

"ते लोक, ते लोक म्हनून राह्यले ना तुमी? त मी सांगतो. माह्या मानसाले त्यायनंच नेलं. हबीबनं नेलं..."

पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. मांडव एकदम उसळला. घोषणा सुरू झाल्या. पियुषनं माईक मागं ओढला आणि हात वर करून तोही ओरडायला लागला. जयवंता तशीच सांगत होती, "खांद्यावर नेलं रे! स्मशानात नेलं! तुमच्यातलं कोनी आलं नाई, म्हनून त्यानं नेलं!" शेजारी बसलेल्या नेत्यांना वाटलं बाई शोकानं ओरडते आहे. त्यांनी तिला आधार देऊन खाली बसवलं. बांबूपाशी आता हबीब दिसत नव्हता.

संध्याकाळपर्यंत तेवढाच तुकडा मोबाइलमोबाइलवर फिरला. 'माह्या मानसाले त्यायनंच नेलं. हबीबनं नेलं.' बस्स, तिथंच संपणारा. त्याच रात्री हबीबच्या दुकानातली रुई पेटली. पिंजायच्या यंत्रासकट सगळं जळालं. कोणी पेटवली ते कोणी पाहिलं नाही.

सकाळी जयवंता भैय्याजींच्या वाड्यावर गेली. "पियुष, मी काय बोलली ते पुरं दाखव लोकायले. त्यानं माह्या घरच्याले अग्नी देल्ला रे."

पियुष चहा पीत होता. "काकू, मले काय मालूम तुमाले काय म्हनाचं होतं? आता ते माह्या हातात राह्यलं काय? कुठच्या कुठं गेलं ते."

भैय्याजींनी तिच्याकडं न पाहता सांगितलं, "जयवंताबाई, सणासुदीचे दिवस हायेत. घरी जा."

पोलीस ठाण्यात जमादारानं मोबाइल तिच्यापुढं धरला. "बाई, हा आवाज तुमचाच ना? मंग?"

तिनं सचिनला फोन केला. त्यानं तर सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तो म्हणाला, "आई, आता चुप राह्य. तुले एकटीले तिथंच राह्यचं हाये."

हबीब जळक्या दुकानासमोर टेंपोत सामान भरत होता. हिंगणघाटला सासुरवाडी होती, तिकडं चालला होता. त्याची बायको जयवंताला पाहून टेंपोत जाऊन बसली.

"हबीब, मी तसं नाई म्हटलं रे."

"मालूम है, भाभी. मी तिथंच होतो. सुनाई नहीं दिया, तो भी समझ गया मैं."

"मंग सांगत काऊन नाईस?"

हबीबनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं. "मैं बोलूंगा तो कौन मानेगा?" त्याच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. गाठोडं उचलून त्यानं टेंपोत टाकलं, आणि टेंपो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

देऊळ उघडंच होतं. जयवंता दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन गेली, जाळीच्या आत उभी राहिली, हात जोडले. देवाला काय सांगायचं, आणि सांगून त्यानं करायचं काय? ती परत आली. मग जाणंच सुटलं.

पुढं निवडणूक झाली, पियुष निवडून आला. त्या वेळी तो तुकडा पुन्हा फिरला, नंतरच्या निवडणुकांतही फिरला. सुरुवातीला कोणी विषय काढला की जयवंता थांबून सगळं सांगायची. लोक ऐकून घ्यायचे, एकमेकांकडं पाहायचे, आणि म्हणायचे, बिचारीवर कोनीतरी दबाव टाकला असन.

परवा बाजारात एक अनोळखी बाई तिच्या पाया पडली. "तुमीच ना त्या?" तिनं विचारलं. "तुमचं ऐकून माह्या अंगावर काटा आला होता."

जयवंतानं तोंड उघडलं. मग मिटलं. मान हलवली, भाजीची पिशवी उचलली आणि घराकडं चालू लागली.