भूल उतरेपर्यंतची ऊब

मित्रांनो, मी एक जुनी लाल घोंगडी आहे. इस्पितळात मला ब्लँकेट म्हणतात, पण गावाकडच्या आयाबाया घोंगडीच म्हणतात. मलाही तेच गोड वाटतं.

मुलुंडच्या एका लहानशा इस्पितळात, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खोलीत माझी नोकरी. भूल उतरताना माणूस कुडकुडतो. "ऊब आणि ओळखीची हाक मिळाली की लवकर शुद्ध येते," असं शुभा डॉक्टर म्हणायच्या. भूल त्याच द्यायच्या, आणि उतरेपर्यंत उशाशीही त्याच थांबायच्या. अर्धवट शुद्धीत लोक मला 'आई गं' म्हणत घट्ट धरत. जाग आली की म्हणत, "काढा हे, टोचतंय!" मग सोड्याचं उकळतं पाणी, गच्चीवरचं ऊन, पुन्हा नवं कुडकुडणारं अंग. ऊब देणाऱ्यालाही थकवा येतो, मित्रांनो.

गिरण्यांचा संप झाला, त्यानंतरची गोष्ट. जानकीबाईंचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. श्वास नीट होता, पण त्या डोळे उघडेनात. शुभा डॉक्टर नाडीवरचं बोट काढत नव्हत्या. हाका मारमारून वनमाला सिस्टरांचा घसा बसला. शेवटी त्यांनी नवऱ्याला आत बोलावलं. दत्ताराम त्याचं नाव. गिरणी गेल्यावर वॉचमन झालेला.

"मोठ्यानं नाव घ्या बघू तिचं," सिस्टर म्हणाल्या.

दत्ताराम लाजला. जन्मात त्यानं बायकोला 'अगो'शिवाय हाक मारली नव्हती.

"हय? सगळ्यांसमोर?"

"मग काय मांडवात? घ्या लवकर!"

त्यानं टोपी सारखी केली, हात जोडले आणि कापऱ्या आवाजात म्हणाला,

"माडाच्या झावळीला वाऱ्याचा झुला,
जानकीचं नाव घेतो..."

पुढचं आठवेना.

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, उखाणा नाही, हाक मारा, हाक!"

तेवढ्यात माझ्याखाली काहीतरी हललं. कोरडे ओठ पुटपुटले,

"लग्नातय... हयसरच अडाकलात."

म्हणजे लग्नातही त्याचा उखाणा इथेच अडला होता तर!

शुभा डॉक्टरांनी तोंड फिरवून डोळे पुसले. दत्तारामानं माझ्याच कोपऱ्याला नाक पुसलं.

आता मी पार विरले आहे. माझी चौघडी करून तिच्यावर इस्पितळाचे कपडे इस्त्री करतात. अंग पोळतं, पण तक्रार नाही. मित्रांनो, तुमचं कुणी भुलीतून परत येत असेल, तर त्याच्या पायांवर काही उबदार घाला आणि जवळ बसून हाक मारा. उखाणा अर्धाच आठवला तरी चालेल.