झाडाला धरलेला हात

शत्रुंजय या जैन तीर्थाच्या कापडी पटावर देवळं किती आहेत, हे झुंबरलालशेठना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण तळाशी डाव्या कोपऱ्यात कोण उभं आहे, हे त्यांनी शहाद्यातल्या प्रत्येकाला सांगितलं होतं. देव मोठा खरा, पण दाता कोण हे लोकांना कळायला नको का?

कार्तिकी पौर्णिमेला ज्यांना पालीताण्याला जाता येत नाही, ते आमच्याकडे हा पट टांगून त्याच्यासमोर हात जोडतात आणि मनातल्या मनात पर्वत चढतात. शेठच्या पत्नी नोजीबाईंचे गुडघे गेले तेव्हा शेठनी अन्वर पेंटरकडून मोठ्या कापडावर नवा पट काढून घेतला. पायथ्याशी स्वतःचं कुटुंब उभं केलं. जन्मात कधी न घातलेली पगडी घालून शेठ, मुलगा अभिनंदन, नोजीबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी किंजल. सगळ्यांचे हात जोडलेले, फक्त नोजीबाईंचा एक हात किंजलच्या खांद्यावर. देवासमोर हे बरं दिसत नाही, असं शेठ कुरकुरले होते. पण अन्वरने चितारायला बसवलं तेव्हा बाईंनी तो हात काढलाच नाही.

पुढे किंजलने म्हसावदच्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न केलं. मुलगा जातीतला नव्हता. शेठनी घराचं दार तर बंद केलंच, पण पट घेऊन अन्वरकडे गेले आणि पोरीच्या जागी काहीतरी दुसरं काढ म्हणाले. माणसाला राग येतो हे समजण्यासारखं आहे. पण देवाच्या चित्रातून पोटची पोर पुसायची, आणि वर पगडी घालून तिथंच हात जोडून उभं राहायचं? अन्वरने खूप समजावलं. शेवटी त्याने किंजलवर आंब्याचं झाड काढलं.

नोजीबाईंचा हात आता झाडाच्या खोडावर आला. शेठना तो दिसला तसं हसू आलं. दरवर्षी पौर्णिमेला कुणी विचारलं की ते म्हणत, हिला चित्रातसुद्धा आधार लागतो, गुडघे कुठे धड आहेत? लोक हसत. नोजीबाई पदर सावरून पटाकडे बघत राहत. नवऱ्यापुढे तोंड उघडायची त्यांना सवयच नव्हती, आणि आम्ही शेजारपाजारचेही फुकटचे हसलो, हे आता आठवलं की लाज वाटते.

गेल्या वैशाखात नोजीबाई गेल्या. शेठनी मुलीला कळवू दिलं नाही. दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले, घर रिकामं झालं, आणि मग म्हातारा आतून खचला. दिवाळीनंतर त्यांनी अन्वरला बोलावलं आणि पोरीला परत पटावर घे म्हणाले. अन्वर म्हणाला, घेतो, पण ती समोर बसायला हवी, आठवणीतून मला जमणार नाही.

म्हणून शेठ गाडी काढून म्हसावदला गेले. केळीच्या बागा मागे पडल्या नाहीत तोच गाव आलं. एवढ्या जवळ असलेल्या पोरीला आपण आईच्या शेवटच्या दर्शनालाही येऊ दिलं नाही, हे त्यांना तिच्या ओट्यावर उभं राहिल्यावर कळलं. किंजल रडली नाही, भांडली नाही. येते म्हणाली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, साधूंच्या मुक्कामाच्या उपाश्रयात पट उलगडला. अन्वर रंग घेऊन बसला होता. किंजल कोपऱ्यापाशी खाली बसली आणि तिने खोडावरचा आईचा हात बघितला. मग बापाशी घरच्या मारवाडीत न बोलता ती सासरच्या बोलीत बोलली.

"मम्मीना हात झाडले काबरं शे?"

शेठ सवयीने म्हणाले, "तिचे गुडघे..."

अन्वरने कुंचला खाली ठेवला. "शेठ, तुमले कधी सांगं नही. झाड काढं तवय तो हात बी मी जोडी देवाव व्हतू. शेठानीबाई मन्हा घर उन्यात. म्हने, अन्वरभाई, हात ऱ्हाऊ दे. पोर कधी ना कधी परत येई."

शेठ पटापाशी वाकले. सगळं गाव ज्या हातावर हसत होतं, तो हात इतकी वर्षं पोरीच्या खांद्यावरच होता. त्यांनी अन्वरला कसंबसं सांगितलं की झाड पुसून टाक, आत्ता पुसून टाक.

किंजलने खोडावरच्या त्या हातावर आपला तळवा ठेवला. "नको," ती म्हणाली. "मले आते काढीसन काय व्हई? मम्मी जशी शे तशी ऱ्हाऊ द्या." आणि संध्याकाळच्या एसटीने ती परत गेली.

दुसऱ्या दिवशी पट टांगला. गर्दी झाली, वंदनं झाली. यंदाच गावात आलेल्या एका व्यापाऱ्याच्या बायकोने शेठना सहज विचारलं, की शेठाणीबाई झाडाला धरून का उभ्या आहेत.

आम्ही जुनी माणसं खाली बघायला लागलो. शेठनी जोडलेले हात सोडले.

"ते झाड नही," ते म्हणाले. "ती मन्ही पोर शे."

सगळ्यांनी ऐकलं. ऐकायला हव्या होत्या त्या नोजीबाई तेवढ्या नव्हत्या.