मोतीरामचा आवाज

मोतीराम करमाडच्या बाजारात टोमॅटोच्या लिलावाची हर्राशी पुकारायचा. घशाच्या कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढावं लागणार होतं. औरंगपुऱ्यातल्या एका लहान केंद्रात त्याचा आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवायचं ठरलं, म्हणजे पुढे तो टाईप करील ते मशीन त्याच्याच आवाजात बोलेल. नऊ दिवस तो काचेच्या खोलीत बसून वाक्यं वाचत होता. कंटाळला की मधेच हर्राशी पुकारायचा, अन् बाहेर बसलेली त्याची बायको कडूबाई पदराआड हसायची.

केंद्राचे कॉम्प्युटर अमृता सांभाळायची. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे जणू चार वेगळे कॉम्प्युटर, चालत. त्यातलं रेकॉर्डिंगचं मशीन रोज दुपारी दोनला, बॅकअप सुरू झाला की बंद पडायचं. कारण तिला सापडलं. बॅकअप घेताना नवं काम तात्पुरतं वेगळ्या फाईलमध्ये जातं आणि नंतर मूळ फाईलमध्ये मिसळतं. इथं ते मिसळतच नव्हतं. अशा अकरा फाईली साचून डिस्क भरत आली होती.

"गुरुवारी ऑपरेशन आहे," केंद्रप्रमुख मेघा मॅडम म्हणाल्या. "रेकॉर्डिंग थांबता कामा नये."

अमृतानं फाईली मिसळणं पुढं ढकललं आणि बॅकअप बंद ठेवला. रेकॉर्डिंग विनाअडथळा पूर्ण झालं.

गुरुवारी मोतीराम ऑपरेशन टेबलावर असताना तिनं फाईली मिसळायला घेतल्या. निम्म्यावर डिस्क भरली. मशीन बंद पडलं ते पुन्हा उठलंच नाही. शेवटचा धड बॅकअप मोतीराम येण्याआधीचा निघाला. चार दिवस ती खुर्चीवरून हलली नाही. हाती लागलेल्या फाईलींत नुसती खरखर होती. त्याची सगळी वाक्यं एका पेनड्राइव्हवर मावली असती. तिला सुचलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी दोघं आले. मोतीरामच्या गळ्याला पट्टी होती. अमृतानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यानं सवयीनं तोंड उघडलं, पट्टीआडून नुसती हवा निघाली.

"पुन्हा नाय का करता येणार?" कडूबाईनं विचारलं आणि विचारल्यावर स्वतःच खाली बघितलं.

"फोनमध्ये काही असेल ना त्यांचं? लग्नाबिग्नातलं?" अमृता म्हणाली.

"शूटिंग नेहमी तेच करायचे, गपचूप. समदे बोलतात त्यात, तेवढे तेच नाय."

शेवटी अमृतानं बोलणाऱ्या मशीनला तयार आवाजांपैकी एक लावून दिला. बातम्या देणाऱ्या माणसासारखा, स्वच्छ. मोतीरामनं बायकोकडं बघत हळूहळू दोन शब्द टाईप केले.

"कडे, चल," मशीन म्हणालं.

कडूबाई दचकून मागं सरकली. "बंद करा ते, बाई. कोण परका माणूस हाक मारतोय मला."

मोतीरामनं मशीन टेबलावर पालथं ठेवलं आणि तिचा हात धरून बाहेर पडला. ते घेऊन जा, असं म्हणायला अमृता दारापर्यंत गेली. तिथूनच परत फिरून तिनं मशीन बंद केलं.